युविया शिकताना: रक्ताची वाट धरून

युविया म्हणजे डोळ्याच्या भिंतीतला मधला, रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा. त्यावरच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, "आयरिसचं मोठं धमनीवलय कुठे असतं?" नावातच आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) आहे म्हणून मी "आयरिसमध्ये" असं उत्तर दिलं. खरं तर ते सिलिअरी बॉडीत असतं, आयरिसच्या मुळाजवळ. परीक्षक शांतपणे म्हणाले, "तू युवियाचे तीन भाग पाठ केलेस. त्यांना रक्त कुठून येतं ते पाहिलंच नाहीस." त्यानंतर मी युविया पहिल्यापासून पुन्हा वाचला, आणि आता नव्या मुलांना शिकवते तेव्हा सुरुवात रक्तापासूनच करते.

आयरिस, सिलिअरी बॉडी आणि कोरॉइड ही एकाच पडद्याची पुढची, मधली आणि मागची बाजू. पुस्तकात त्यांना वेगवेगळे रंग दिलेले असतात, त्यामुळे ही तीन सुटी प्रकरणं वाटतात. संधी मिळाली तर बकरीचा डोळा स्वतः उघडून पाहा. पांढरं श्वेतपटल हलक्या हाताने सोललं की आतून काळसर, ओलसर गोळा निघतो, साल काढलेल्या द्राक्षासारखा. लॅटिनमध्ये द्राक्षाला 'उव्हा' म्हणतात, युविया हे नाव त्यावरूनच आलं. आत मागच्या बाजूला निळसर-हिरवा चमकता भाग दिसेल, तो टॅपेटम. माणसाच्या डोळ्यात तो नसतो, तेव्हा आकृतीत तो काढू नका.

सोलताना एक गोष्ट हाताला कळते. हा पडदा पुढे स्क्लेरल स्परपाशी (श्वेतपटलाची आतली कड) आणि मागे दृष्टिचेतेभोवती (ऑप्टिक नर्व्ह) घट्ट धरलेला असतो, मधे मात्र सैल. म्हणूनच तिथे द्रव किंवा रक्त साचलं की कोरॉइड सुटतं. कोरॉइडमधलं रक्त बाहेर नेणाऱ्या व्हॉर्टेक्स शिरा त्याला जागोजागी श्वेतपटलाशी बांधून ठेवतात, त्यामुळे फुगवटा एकसलग न राहता त्याच्या पाकळ्या पडतात.

आता रक्ताची वाट. डोळ्याला रक्त देणाऱ्या ऑफ्थॅल्मिक धमनीच्या शाखा डोळ्याच्या मागून आत शिरतात. दृष्टिचेतेभोवती साधारण 10 ते 20 आखूड पोस्टीरिअर सिलिअरी धमन्या असतात, त्या मागच्या कोरॉइडला रक्त देतात. लांब पोस्टीरिअर सिलिअरी धमन्या दोनच, एक नाकाकडून आणि एक कानशिलाकडून. त्या श्वेतपटल आणि कोरॉइड यांच्या मधून थेट पुढे जातात. पुढून 7 अँटीरिअर सिलिअरी धमन्या येतात, त्याही डोळा फिरवणाऱ्या रेक्टस स्नायूंबरोबर: तीन स्नायूंबरोबर दोन-दोन, आणि बाहेरच्या लॅटरल रेक्टसबरोबर एक. पुढून आणि मागून आलेलं रक्त सिलिअरी बॉडीत एकत्र येतं आणि ते धमनीवलय तयार होतं. हे एकदा नीट डोक्यात बसलं की तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत एकाच डोळ्याचे अनेक रेक्टस स्नायू एका वेळी का सोडवत नाहीत, हे पाठ करावं लागत नाही. स्नायू कापला की त्याच्याबरोबरचा पुरवठाही तुटतो.

सगळ्यात जास्त वेळ कोरॉइडला द्या. डोळ्यात येणाऱ्या रक्तापैकी सुमारे 85 टक्के रक्त याच पातळ थरातून वाहतं. बाहेर मोठ्या वाहिन्यांचा हॅलरचा थर, त्याच्या आत मध्यम वाहिन्यांचा सॅटलरचा, आणि सर्वांत आत कोरिओकॅपिलॅरिस, म्हणजे छिद्रं असलेल्या केशवाहिन्यांचं जाळं. त्याला लागून, दृष्टिपटलाच्या बाजूला, ब्रुकचं पातळ आवरण. दृष्टिपटलाच्या बाहेरच्या थरांत, म्हणजे प्रकाशपेशींच्या भागात, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यांना ऑक्सिजन या जाळ्यातूनच झिरपून मिळतो. फोव्हिआच्या (दृष्टिपटलाच्या मध्यातला खळगा) मध्यभागी तर दृष्टिपटलाची एकही केशवाहिनी नाही, म्हणजे आपली सर्वांत तीक्ष्ण नजर पूर्णपणे कोरॉइडवर अवलंबून असते. गंमत अशी की कोरॉइडमधल्या रक्तातून ऑक्सिजन फारच थोडा काढून घेतला जातो. तरीही प्रवाह इतका जोरदार असल्यामुळे झिरपण्याचा दाब टिकतो आणि प्रकाशामुळे निर्माण झालेली उष्णताही वाहून जाते.

वॉर्डात सेंट्रल रेटिनल धमनी (दृष्टिपटलाच्या आतल्या थरांना रक्त देणारी) बंद पडलेला पहिला रुग्ण पाहिला, तेव्हा हे मला खऱ्या अर्थाने दिसलं. दृष्टिपटल सुजून फिकट पडलं होतं आणि मधोमध लाल ठिपका होता. तो रक्तस्राव नव्हता. फोव्हिआपाशी दृष्टिपटल पातळ असतं, म्हणून मागचं शाबूत कोरॉइड तिथून दिसत होतं. दोन वेगळे रक्तपुरवठे एकाच चित्रात.

सिलिअरी बॉडीची दोन कामं. तिच्या साधारण 70 घड्यांवरचा दुहेरी पेशीस्तर मिनिटाला 2 ते 3 मायक्रोलिटर ॲक्वस (डोळ्याच्या पुढच्या भागातला पाण्यासारखा द्रव) तयार करतो. दुसरं काम जवळचं पाहण्यासाठी भिंग फुगवणं, आणि इथे नवे विद्यार्थी हमखास अडतात. सिलिअरी स्नायू आकसला की भिंगाला धरून ठेवणारे तंतू ताणले जातील असं वाटतं, पण तो कंकणासारखा आतल्या बाजूला सरकतो, तंतू सैल पडतात आणि भिंग आपोआप गोल होतं. वाचून कळत नसेल तर दोन आकृत्या काढा.

आयरिसला कमी वेळ पुरतो. निळ्या डोळ्यांत निळं रंगद्रव्य नसतं, पुढच्या थरात मेलॅनिन कमी असतं इतकंच. मागचा थर मात्र निळ्या डोळ्यांतही काळाच. शब्दाबाबत एक सावधगिरी: रुग्ण 'बुबुळावर फूल पडलंय' म्हणतो तेव्हा तो पारपटलाबद्दल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) बोलत असतो, आयरिसबद्दल नाही. बोट कुठे दाखवतो ते पाहा.

युव्हिआयटिसमध्ये, म्हणजे युवियाच्या दाहात, बाहुली मोठी करणारं ॲट्रोपिन का देतात, हा प्रश्न मला दर वर्षी येतो. सिलिअरी स्नायूचा पेटका सुटून दुखणं कमी होतं, आणि आयरिस भिंगाला चिकटत नाही. पण स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायचा सूक्ष्मदर्शक) पुढच्या पोकळीतल्या दाहाच्या पेशी मोजायच्या त्या हे थेंब घालण्याआधीच. खोलीत अंधार करा, 1 बाय 1 मिलिमीटरचा तेजस्वी झोत तिरका टाका आणि थोडं थांबा. थेंबांनंतर सुटलेले रंगकण तरंगू लागतात आणि त्यांतून दाहाच्या पेशी वेगळ्या काढणं कठीण होतं.