लोकसंख्या भूगोल: आकड्याखालचा छेद बघा

महाराष्ट्राची लोकसंख्या 2001 साली 9,68,78,627 होती, 2011 साली 11,23,74,333. फरक 1,54,95,706. त्याला जुन्या आकड्याने भागून शंभराने गुणलं की दशवार्षिक वाढ मिळते, 15.99 टक्के. छेदात 2011चा आकडा घातलात तर 13.79 येईल, ही चूक सर्रास होते. दुसरी चूक वार्षिक दराची. 15.99ला सरळ दहाने भागू नका. वाढ चक्रवाढीने होते, म्हणून 1.1599चं दहावं मूळ काढायचं. दर येतो साधारण 1.49 टक्के. दुप्पट व्हायला लागणारा काळ ढोबळमानाने काढायचा तर 70ला वार्षिक दराने भागा: याच वेगाने लोकसंख्या दुप्पट व्हायला सुमारे 47 वर्षं. सरळ भागाकाराचा 1.6 दर धरला तर 44च.

आता रत्नागिरी. त्याच दशकात तिथली लोकसंख्या 4.82 टक्क्यांनी घटली, आणि उत्तरपत्रिकेत लगेच ‘जन्मदर घटला’ असं येतं. जन्म वजा मृत्यू ही झाली फक्त नैसर्गिक वाढ. तिच्यात निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) मिळवल्याशिवाय प्रत्यक्ष वाढ कळत नाही. शेजारी लिंग गुणोत्तर ठेवून बघा: रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, राज्यात 929, मुंबई शहर जिल्ह्यात 832. कामासाठी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा हिशेब इथे दिसतो. गंमत म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या घटलीच, पण तिथली माणसं उपनगरांकडे आणि ठाण्याकडे सरकली. घट तीच, कारण वेगळं.

छेद प्रत्येक दराचा निराळा असतो. ढोबळ जन्मदर वर्षाच्या मध्याच्या लोकसंख्येवर, दर हजारी. साक्षरता दर सात वर्षं आणि त्यावरील लोकांवर; एकूण लोकसंख्येने भागलं तर तो उगाच खाली येतो. बाल लिंग गुणोत्तर 0–6 वयोगटाचं. परदेशी पुस्तकांत लिंग गुणोत्तर बऱ्याचदा शंभर स्त्रियांमागे पुरुष असं देतात, तेव्हा तुलनेआधी आकडा उलटवावा लागतो.

एकूण जननदरावर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील या आकड्यावर, मात्र थोडं थांबा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) महाराष्ट्राचा दर 1.7 होता, म्हणजे 2.1 या प्रतिस्थापन पातळीखाली (एका पिढीची जागा पुढची पिढी जेमतेम भरून काढते ती पातळी). तरी लोकसंख्या लगेच थांबत नाही. आधीच्या जास्त जन्मांच्या पिढ्या आता मूल होण्याच्या वयात असतात. प्रत्येकीला मुलं कमी, पण आयांची संख्याच मोठी.

जिल्ह्यांची तुलना करताना सीमाही तपासा: 2011च्या ठाण्यात पालघर धरलेलं आहे, तो जिल्हा 1 ऑगस्ट 2014ला वेगळा झाला.