भादव्यात घोडीला चरायला सोडा, पण आधी बांध फिरून या

चातुर्मासात वराती बंद असतात. त्यामुळे सांवेर, देपालपूर, महूकडच्या ज्या शेतकऱ्यांकडे लग्नाची घोडी आहे, त्यांच्याकडे ती सध्या दावणीला भुसा आणि चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, खात उभी असते. देवउठणी एकादशीपर्यंत तिला मोकळं चरू द्या. माळव्याच्या काळ्या जमिनीत आज जितक्या जातींचं गवत आणि पाला उभा आहे, तितका नंतर वर्षभर मिळत नाही.

घोडा निवडून खातो. रानात तो दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, पण एका जागी रेंगाळत नाही. चार घास हरळीचे, दोन मारवेलचे, मग कुंपणाशी जाऊन एखाद्या झुडपाचा शेंडा. त्याचा वरचा ओठ बोटासारखा चालतो; चंदी फस्त करून औषधाची पूड तोबऱ्याच्या (तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीच्या) तळाशी तशीच ठेवणारी घोडी पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. लिदीजवळचं गवत कितीही लुसलुशीत असलं तरी तो टाळतो, आणि जंतांच्या अळ्या नेमक्या त्याच गवतावर असतात. लहान शिंगरू आईची ताजी लीद खातं, तीही खोड नव्हे. चारा पचवणारे जिवाणू त्याच्या पोटात त्यातूनच जातात. त्याला हाकलू नका.

सगळ्यात खात्रीची ओढ मिठाची. हिरव्या चाऱ्यात सोडियम फार कमी आणि घामातून ते भरपूर जातं. घोडी भिंत चाटत असेल, माती खात असेल, तर आधी सैंधवाचा खडा टांगा, रोज साधारण 30 ग्रॅम मीठ चंदीत द्या आणि पाणी कायम समोर ठेवा. तरीही माती खाणं थांबलं नाही, तर लिदीचे दोन-तीन गोळे बादलीभर पाण्यात कालवून निवळू द्या. तळाशी माती बसली तर पोटशूळाचा धोका आहे, डॉक्टरांना दाखवाच.

मात्र ‘जनावराला सगळं कळतं’ या भरवशावर दावं सोडू नका. एखादी वनस्पती खाल्ल्यावर लगेच त्रास झाला, तरच घोडा ती पुढे टाळायला शिकतो. खुळखुळा या रानटी तणाचं विष यकृत हळूहळू निकामी करतं, लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर घोडी तो खातच राहते. शिवाय घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं विष बाहेर टाकता येत नाही.

म्हणून सोडण्याआधी बांध स्वतः फिरून पाहा. खुळखुळा, कासविंदा, धोतरा, एरंड, घाणेरी, नाल्याकाठची बेशरम मुळासकट काढा. विहिरीजवळ किंवा देवळामागे कण्हेर असेल तर तिकडे घोडी फिरकूच देऊ नका, मूठभर पानांनीही ती दगावते. उपटलेलं तण बांधावरच वाळत टाकू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. हिरवेपणी वासानं किंवा कडवटपणानं टाळलेली झाडं सुकली की चवीला सौम्य होतात, विष मात्र तसंच राहतं. घोडी ती बिनदिक्कत खाते. तणनाशक मारलेल्या बांधाचंही तेच. दिवाळीनंतर गवत कापून साठवाल, तेव्हा त्यात खुळखुळा गेला नाही ना, हे पेंढी बांधण्याआधी पाहा. नंतर तो हाती लागत नाही.

निवड करायला पोट भरलेलं लागतं. भुकेली घोडी समोर येईल ते ओरबाडते, म्हणून आधी कोरडी वैरण द्या, मग सोडा. पहिल्या दिवशी तासभर पुरे. दहा-बारा दिवसांत वेळ वाढवत न्या, नाहीतर एकदम हिरवं खाऊन पोट बिघडतं.

घरी संकरित नेपियर गवत देत असाल तर एकट्या त्यावर घोडी ठेवू नका. त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या क्षारामुळे चाऱ्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं कमजोर होतात. जोडीला लसूणघास असू द्या.

जंतासाठी रानपाल्यावर विसंबू नका. पाऊस ओसरल्यावर लीद तपासून घ्या आणि औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. आणि नवा मका घरात आला की बुरशी धरलेली कणसं घोडीच्या चंदीतून कटाक्षानं वगळा. गाई-म्हशींना पचून गेलेला असा मकाही घोड्याच्या मेंदूवर आघात करतो, आणि त्यावर उपचार नाही.