कॅमेऱ्याच्या भात्यासाठी कापड, कातडं आणि कागद

जुन्या हाफ प्लेट कॅमेऱ्याचा (काचेच्या प्लेटवर फोटो घेणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा) भाता, म्हणजे लेन्स आणि प्लेट यांच्यामधली घड्यांची, उजेड अडवणारी नळी, बेलोज, नवा करायचा म्हटलं की कोल्हापुरात पाय आधी चप्पल लाइनकडे वळतात. पण चपलेच्या तळाचं म्हशीचं कातडं या कामाचं नाही. भात्याला पातळ माल लागतो. किती पातळ, ते घरी मोजून मगच बाजारात जा.

समजा भाता 40 सेंमी ताणायचा आहे आणि घडीची एकेक पट्टी 15 मिमी रुंद आहे. घड्या पूर्ण सपाट होऊ द्यायच्या नसतात, म्हणून लांबी 1.3 पट धरा: 52 सेंमी, सुमारे 35 पट्ट्या. बाहेरचं आवरण 0.3, मधला कागद 0.25, अस्तर 0.2 आणि चिकट धरून एक पदर 0.8 मिमी झाला, तर सरळ, म्हणजे निमुळता नसलेला, भाता मिटल्यावर 28 मिमी होतो. आवरणाला 1 मिमीचं कातडं घेतलंत तर तोच 52.5 मिमीवर जातो आणि कॅमेरा मिटतच नाही. कोपऱ्यांत पदर जास्त जमतात, तेव्हा थोडी जागा हातची ठेवा.

कातडंच हवं असेल तर शेळीचं किंवा मेंढीचं मऊ कातडं घ्या आणि कारागिराकडून रापीनं 0.4 मिमीपर्यंत तासून घ्या. जोडाची कड त्याहून पातळ हवी, नाहीतर तिथं उंचवटा राहतो. रेक्झिन टाळा, घडीवर तडकतं. छत्रीचं काळं कापड मजबूत असतं, पण एकट्यानं उजेड अडवत नाही. रबराचा थर असलेलं पातळ नायलॉन मिळालं तर आमची पहिली पसंती त्यालाच.

अस्तराला काळं, बिनचमकीचं, दाट विणीचं सुती कापड घ्या. चकाकणाऱ्या अस्तरावरून उजेड परततो आणि फोटो फिका येतो.

घेण्याआधी तुकडा मोबाईलच्या टॉर्चवर दाबून अंधारात बघा. मग एकाच रेषेवर पन्नास वेळा घडी घालून पुन्हा बघा. कोरं कापड जवळजवळ नेहमीच पास होतं, फसवते ती घडी.

मधल्या पट्ट्यांना 200 ते 220 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कार्ड पेपर पुरतो. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पट्टीच्या लांबीत ठेवा, आडवा गेला तर पट्टी वाकते. दोन पट्ट्यांत 1.5 ते 2 मिमी फट सोडा. कमी सोडली तर घडी बसत नाही, जास्त सोडली तर भाता लोंबतो.

चिकटवायला चपलेचं रबर सोल्युशन चालतं: दोन्ही बाजूंना पातळ हात, बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा. ते एकदा धरलं की सरकत नाही, म्हणून आधी पेन्सिलीनं खुणा करा. पांढरा गोंद कापडात मुरून कडक होतो, कागदही फुगतो. पिठाची खळ तर नकोच. इथल्या पावसाळ्यात तिला बुरशी लागते, कसर येते.

जुन्या भात्याला कोपऱ्यात दोन-चार भोकं असतील तर नवा करू नका. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च ठेवा, डोळे पाच मिनिटं सरावू द्या आणि भोकांवर खडूनं खूण करा. भाता ताणून, काळा फॅब्रिक कलर आतून पातळ दोन हातांत लावा. मोठ्या भोकाला भोवती 5 मिमी जास्त असा पातळ कापडाचा तुकडा आतून लावा. इलेक्ट्रिकची टेप लावू नका, उन्हाळ्यात तिचा चिकट पाझरतो आणि घड्या एकमेकींना धरतात. रंग ताणलेल्या अवस्थेतच 24 तास वाळू द्या, मगच भाता मिटा.