लेबलची उचल घेण्याआधी

माझ्या जॅमरूमवर येणारी पोरं हमखास विचारतात, "दादा, मोठं लेबल (रेकॉर्ड कंपनी) मिळालं तर अल्बम करायचा कसा?" मी त्यांना निर्वाना या अमेरिकन रॉक बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमची गोष्ट सांगतो. 1991 सालचं, टेपवरचं काम, पण कामाचा क्रम आजही तोच.

आधी गाणी हातात बसू द्या. मे 1991मध्ये ही मंडळी लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओत शिरली, त्याच्या वर्षभर आधीच अमेरिकेतल्याच मॅडिसनला प्रोड्यूसर बुच विगकडे यातली बरीच गाणी एकदा करून झाली होती. 'पॉली' तर त्याच रेकॉर्डिंगमधून अल्बमवर आलं. मग डेव्ह ग्रोल ड्रम्सवर आला, तालमी झाल्या. आमच्या बँडने मात्र आठ तासांच्या शिफ्टमधले तीन तास 'कोरसला डी मायनर की एफ' यावर भांडण्यात घालवले होते. भाड्याचा मीटर चालूच.

स्टुडिओत गाण्याला काय हवंय ते बघा. 'लिथियम' पळायला लागलं, तेव्हा ग्रोलला क्लिक (कानात वाजणारा ठरावीक लयीचा ठोका) लावून दिला. 'समथिंग इन द वे' मात्र काही केल्या जमेना. ते कसं वाजायला हवं हे दाखवायला बँडचा गायक-गिटारिस्ट कर्ट कोबेन कंट्रोल रूममधल्या सोफ्यावर आडवा झाला आणि नीट ट्यूनही न होणारी जुनी गिटार छेडत पुटपुटल्यासारखं गायला. विगने एसी बंद केला, फोनची वायर काढली, तिथेच माइक लावले. बेस, ड्रम्स, चेलो नंतर चढवले. बेसुऱ्या गिटारशी जुळवून घेताना बाकीच्यांचा घाम निघाला असणार, पण टेक तोच ठेवला. आपल्याकडे असा टेक 'रफ आहे' म्हणून पहिला उडवतात!

मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचा-आवाजांचा मेळ बसवायचं काम, तिसऱ्या कानाला द्या. महिनाभर तेच ऐकून आपले कान बधिर झालेले असतात. इथेही बँड आणि विगची मिक्स बसेनात, म्हणून मिक्सिंग करणाऱ्या अँडी वॉलेसला बोलावलं. पुढे कोबेनला अल्बम फारच गुळगुळीत वाटायला लागला, ते वेगळं. म्हणून रफ मिक्स जपून ठेवा आणि शेजारी लावून ऐका.

मास्टर (ज्यावरून प्रती काढतात ती अंतिम प्रत) आल्यावर शेवटच्या सेकंदापर्यंत ऐका. शेवटच्या गाण्यानंतर दहाएक मिनिटांची शांतता आणि मग एक लपवलेलं गाणं, असा यांचा बेत होता. मास्टरिंगमध्ये ते गाणंच राहून गेलं, सुरुवातीच्या प्रती तशाच बाजारात गेल्या.

आता पैसे. लेबलचा अ‍ॅडव्हान्स म्हणजे ऊसतोडीची उचल. बक्षीस नव्हे. सहसा रेकॉर्डिंगचा खर्चही त्यातच धरतात आणि तुमच्या रॉयल्टीतून ती फिटेपर्यंत हातात काही पडत नाही. काय काय वळतं करणार, हे करारात बोट ठेवून वाचा, वकिलालाही वाचायला लावा. 2012च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क लेबलला लिहून देता येत नाही, तरी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घेऊन ठेवा. आणि आपापसातली वाटणी गाणं होईल त्याच दिवशी कागदावर आणा. अल्बम गाजल्यावर कोबेनने ती मागच्या तारखेपासून बदलायला लावली, तेव्हा बँड तुटायच्या बेताला आला होता.

रिलीजचं फार मनावर घेऊ नका. 24 सप्टेंबर 1991ला 'नेव्हरमाइंड' आला, तेव्हा अमेरिकेत जेमतेम 46 हजार प्रती दुकानांत गेल्या होत्या. बँड गावोगाव वाजवत होता, टीव्हीवर व्हिडिओ फिरत होता. 11 जानेवारी 1992ला मायकल जॅक्सनला खाली ढकलून अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरवर. पार्टीचा खर्च तर वाचवाच. यांनी सिअ‍ॅटलमधल्या स्वतःच्याच रिलीज पार्टीत एकमेकांवर खाणं फेकलं आणि तिथून हाकलून दिले गेले.