दोन डॅकची तुलना करताना आवाज कानाने नाही, मीटरने जुळवा

दोन डॅक (डिजिटल संगीताचं ॲम्प्लिफायरला लागणाऱ्या ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी उपकरणं) किंवा सीडी प्लेअर आलटून पालटून ऐकताना एकाची पातळी अर्ध्या डेसिबलने जरी जास्त असली, तरी आवाज वाढल्याचं सहसा लक्षात येत नाही. ‘हा जास्त मोकळा वाजतो, बेस भरीव आहे’ असंच वाटतं. सीडी प्लेअरचं आउटपुट साधारण २ व्होल्ट असतं, काही डॅक २.३ देतात, एवढ्यानेच १.२ डेसिबलचा फरक पडतो. म्हणून दोन्हींत ०.१ डेसिबलपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. व्होल्टेजच्या हिशेबात हे साधारण १.२ टक्के होतात.

फोनवरचं आवाज मोजायचं ॲप इथे चालत नाही. फोन जरा इकडेतिकडे सरकला तरी आकडा बदलतो. त्यापेक्षा स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावून एसी व्होल्ट मोजा. स्वस्त मीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंज बहुतेकदा २०० व्होल्टची असते, ती निरुपयोगी; दशांशानंतर तीन आकडे दाखवणारी रेंज हवी. मीटर रेंज आपोआप बदलणारा (ऑटोरेंज) असेल तर रेंज लॉक करा. ॲम्प्लिफायर बंद असतानाच प्रोब क्लिपने जोडा, कारण चालू ॲम्पवर दोन टोकं एकमेकांना चिकटली तर आउटपुट स्टेज जाऊ शकतो.

४०० हर्ट्‌झच्या साइन टोनची (एकसुरी चाचणी-आवाजाची) एकच फाइल दोन्ही सोर्सवर वाजवा. १ किलोहर्ट्‌झही चालतो, पण काही मीटर तिथे कमी वाचतात. त्याआधी प्लेअरमधला इक्वलायझर आणि व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (गाण्यांची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) बंद करा; हे विसरलं की टोन जुळतो आणि गाणी मात्र वेगळ्या पातळीवर वाजतात. ॲम्पचा व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा आणि नंतर त्याला हात लावू नका.

समजा, पहिल्याला १.००० व्होल्ट आले आणि दुसऱ्याला १.१५०. मोठा असेल तोच कमी करायचा, लहान वाढवायचा नाही, नाहीतर क्लिपिंगचा, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जाऊन आवाज फाटण्याचा धोका. दुसऱ्याचा व्हॉल्यूम अर्ध्या डेसिबलच्या टप्प्यांनी बदलत असेल तर उणे १ वर १.०२५ येतात आणि उणे १.५ वर ०.९६८, म्हणजे दोन्हीकडे चुकतंच. अशा वेळी प्लेअर सॉफ्टवेअरमधून उणे १.२ द्या: १.००२. जुळलं.

आता दुसरा चॅनलही मोजा. तिथे फरक निघाला तर दोन सोर्सचा डावा-उजवा तोल सारखा नाही, आणि तो बॅलन्सनेच सुधारावा लागेल.

ऐकताना सोर्स दुसऱ्या कुणीतरी, तुम्हाला न दिसता बदलावा. गाणं दोन्हीकडे एकाच क्षणी चालू हवं, नाहीतर मागेपुढे होण्यावरूनच सोर्स ओळखू येतो. १६ पैकी किमान १२ वेळा बरोबर ओळखलं तर फरक खरा मानायला जागा आहे. नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. शेवटी टोन वाजवून परत मोजा. आकडा हलला असेल तर ती फेरी धरू नका.