कुरकुरीत कोबीचं सॅलड, हिरव्या चक्क्याच्या ड्रेसिंगसह

कोबीच्या कोशिंबिरीला थोडं पाणी सुटलं तरी चालतं. ती भाताशी कालवली जाते, ताटात पसरली तरी कुणी तक्रार करत नाही. या सॅलडला तेवढी सूट नाही. तळाशी पाणी साठलं की ड्रेसिंग पातळ होतं, कोबी मऊ पडतो आणि वाडग्यात उरतं ते ताकात भिजलेलं गवत. कोबीत वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते पानातच राहिलं तर कोबी दाताखाली कुरकुरतो, बाहेर आलं तर सगळा खेळ संपला. खालची बहुतेक खटपट त्यासाठीच आहे.

चार जणांसाठी लागेल:

कोबी – साफ करून 500 ग्रॅम (साधारण 650 ते 700 ग्रॅमचा गड्डा)
गाजर – 1 मध्यम
कांद्याची पात – 3 काड्या
घट्ट, गोडसर दही – 400 ग्रॅम, किंवा तयार चक्का 180 ग्रॅम
कोथिंबीर – निवडून मूठभर, कोवळ्या देठांसकट
पुदिना – 12 ते 15 पानं
शेपू – 2 काड्या
हिरवी मिरची – 1, लसूण – 1 छोटी पाकळी
तेल – 2 मोठे चमचे, लिंबाचा रस – 1 मोठा चमचा
साखर – 1 छोटा चमचा, मीठ – पाऊण छोटा चमचा, मिरपूड
भाजून सोललेले शेंगदाणे – पाव वाटी, भोपळ्याच्या बिया – 2 मोठे चमचे

शेपूचं नाव काढताच नाक मुरडणारे प्रत्येक घरात असतात. त्यांना आधी सांगू नका. दह्यात कच्चा शेपू भाजीतल्यासारखा उग्र लागत नाही.

गड्डा निवडताना

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर घ्या नाहीतर वाशीच्या सेक्टरमधल्या भाजीवाल्याकडून, गड्डा हातात उचलून बघा. आकाराच्या मानाने जड आणि दाबल्यावर न दबणारा हवा. दांड्याचा काप पांढरट असेल तर माल ताजा. तपकिरी आणि चिरा पडलेला असेल तर तो दोन-चार दिवस पडून आहे. थंडीतला कोबी गच्च आणि गोड असतो. पावसाळ्यात गड्डे सैल येतात, आतही पाणी आणि काळे ठिपके सापडतात, तेव्हा थोडा मोठा गड्डा घ्या, कारण टाकून द्यावं लागणारं जास्त असतं. जांभळा कोबी घालायचा असेल तर एक चतुर्थांशाच्या पुढे जाऊ नका. त्याचा रंग उतरून ड्रेसिंग फिकट जांभळं होतं.

दही बांधणं, आदल्या रात्री

गाळणीवर सुती कापड घाला, खाली भांडं ठेवा, दही ओतून वर झाकण ठेवा आणि 4 ते 6 तास फ्रीजमध्येच निथळू द्या. श्रीखंडासाठी बांधतात तसं नळाला टांगलं, तर मे महिन्यात ते सकाळपर्यंत आंबट झालेलं असतं. वेळ नसेल तर डेअरीतला चक्का आणा, मात्र तो साखर न घातलेला आहे ना, हे विचारून घ्या. फार कोरडा असेल तर दोन चमचे थंड दुधात सैल करा.

कोबी चिरणं

वरची दोन-तीन पानं काढून गड्ड्याचे चार भाग करा. मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवून नळाखाली धुवा. कच्चा खायचा असल्याने ही पायरी गाळू नका. मग दांडा तिरका कापून काढा आणि शिरांना आडवा छेद देत 2 मिलिमीटरच्या पट्ट्या करा. आडवं कापल्याने शिरांचे धागे तुटतात आणि चावताना तोंडात राहत नाहीत. धारदार सुरी किंवा विळी उत्तम. किसणी नको: ती पान कापत नाही, चिरडते, आणि चिरडलेल्या पानातून लगेच पाणी गळू लागतं. केसासारखा बारीक कोबी दिसायला छान, पण दहा मिनिटांत लोळागोळा होतो.

आता पट्ट्या बर्फाच्या पाण्यात 15 मिनिटं बुडवा. पेशी पाणी शोषून ताठ होतात. सुकत चाललेला कोबीसुद्धा यात बऱ्यापैकी सावरतो. पाणी आणि बर्फ दोन्ही पिण्याच्या पाण्याचे हवेत. बाहेरून आणलेला बर्फ इथे चालणार नाही.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त चुकते. चाळणीत निथळलेला कोबी कोरडा वाटतो, पण नसतो. तो स्वच्छ पंचात घाला, चारही टोकं एकत्र धरा आणि बाल्कनीत जाऊन गोफणीसारखा दहा-बारा वेळा गरगर फिरवा. भिंतीवर थेंबांची रेघ उमटेल. रेघ उमटणं थांबलं की कोबी तयार. गाजर पातळ काड्यांत कापून, पात चिरून त्यात मिसळा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा. काकडीचा मोह आवरा, आवरत नसेल तर निदान बियांचा भाग काढून टाका.

ड्रेसिंग

कोथिंबीर, पुदिना, शेपू धुऊन कापडावर पूर्ण कोरडे करा. चटणीच्या छोट्या भांड्यात ते, मिरची, लसूण, तेल, लिंबाचा रस, साखर आणि मीठ घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर भांडं तापतं आणि पुदिना काळपट, कडवट होतो. हे वाटण गार चक्क्यात चमच्याने मिसळा. चक्का मिक्सरमध्ये घालायचाच नाही. पात्याने त्याची घडण मोडते आणि क्षणात तो ताकाच्या वाटेला लागतो. तेल सूर्यफुलाचं घ्या. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास हिरव्या पानांवर कुरघोडी करतो.

ड्रेसिंग इडलीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट हवं. चमचा उलटा केला तर ते सावकाश सरकावं, ओघळू नये. पातळ झालंच तर 8 ते 10 काजू गरम पाण्यात भिजवून, निथळून, बारीक वाटून घाला. लिंबामुळे हिरवा रंग दुसऱ्या दिवशी मळकट होतो. चव बिघडत नाही, पण पाहुण्यांसाठी त्याच दिवशी करावं.

एकत्र करणं

पानं वाढायच्या 5 मिनिटं आधी, त्याहून लवकर नाही. मीठ लागताच कोबी पाणी सोडू लागतो. पाऊण ड्रेसिंग घालून हाताने हलकं कालवा, चाखा, मग उरलेलं घाला. शेंगदाणे जाडसर भरडून, बिया कोरड्या भाजून अगदी शेवटी भुरभुरा. खाडीकाठच्या दमट हवेत उघडे शेंगदाणे तासाभरात सादळतात, म्हणून भाजल्यावर गार करून घट्ट डब्यात ठेवा.

डब्यात न्यायचं असेल तर दोन वाटा आहेत. ड्रेसिंग वेगळ्या डबीत, शेंगदाणे तिसऱ्या पुडीत, आणि कालवणं ऑफिसात. किंवा बर्फाचं पाणी वगळा, चिरलेल्या कोबीला सपाट एक छोटा चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा, घट्ट पिळा, आणि ड्रेसिंगमध्ये मीठ घालूच नका. हा कोबी कुरकुरीत नसतो, लवचिक होतो, पण दुपारपर्यंत पाणी सोडत नाही. दोन्हींत दह्याचा डबा गार राहायला हवा. ऑफिसात फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात हा बेत घरच्या जेवणालाच ठेवा.

उरलेलं सॅलड फ्रीजमध्ये ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी पाणीच पाणी झालेलं असतं. ते पाण्यासकट थालीपिठाच्या भाजणीत मळा, वेगळं पाणी बहुधा लागत नाही.