स्पेनमधल्या आल्पुहाराची गावं पायी कशी फिरायची

आपल्याकडचे बहुतेक लोक स्पेनला जाऊन माद्रिद, बार्सिलोना आणि ग्रानादाचा आल्हांब्रा बघून परत येतात. ग्रानादापासून बसने दोनेक तासांवर आल्पुहारा आहे, सिएरा नेवादा डोंगराची दक्षिण बाजू, तिथे कोणी गेलंच तर सकाळी टूरच्या गाडीने जाणार, तीन गावांत फोटो काढणार आणि संध्याकाळी परत. प्लीज असं करू नका. चार-पाच दिवस काढा, मुक्काम गावातच करा आणि एका गावातनं दुसऱ्या गावात चालत जा, खरी मजा मधल्या वाटांवर आहे.

मुलांची मे महिन्याची सुट्टी यासाठी एकदम बरोबर, वरचं बर्फ वितळत असतं आणि पाटांना भरपूर पाणी असतं. दिवाळीच्या सुट्टीतही छान, चेस्टनटची झाडं पिवळी झालेली असतात, फक्त १ नोव्हेंबरला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते त्या दिवशी बसचा भरवसा धरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी चालवत नाही.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि मेमध्ये जायचं असेल तर जानेवारीतच करून टाका, उन्हाळ्यात पुण्या-मुंबईकडनं अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. ३०,००० युरोंचा मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि प्रत्येक रात्रीचं बुकिंग दाखवायची तयारी ठेवा, गावातल्या छोट्या घरात राहणार असाल तरी लेखी कन्फर्मेशन मागून घ्या.

माद्रिदहून ग्रानादाला फास्ट ट्रेन आहे, तिथनं आल्सा कंपनीची बस. दिवसातनं मोजक्याच सुटतात, त्यामुळे टाइमटेबल आदल्या दिवशी बघा आणि रविवारचं वेगळं बघा. पहिला मुक्काम पांपानेइरा, उंची साधारण १,०६० मीटर. दुसऱ्या दिवशी बुबियोनवरून कापिलेइरा, ते १,४३६ मीटरवर, म्हणजे दिवसभरात पावणेचारशे मीटरचा चढ. दर रविवारी आतकरवाडीतनं सिंहगड चढणाऱ्यांना यात काहीच वाटणार नाही आणि बाकीच्यांनी जायच्या आधी महिनाभर पर्वती किंवा तळजाई करा, गुडघे नंतर दुवा देतील. कापिलेइरात दोन रात्री राहा, एक दिवस नदीकडे उतरून पोकेइराच्या दरीला वळसा घालून परत या. मग बसने पित्रेसला जाऊन तिथनं फोंदालेस, फेरेइरोला अशी एकदम लहान गावं, गर्दी जवळपास नाही, मला तर पांपानेइरापेक्षा हीच जास्त आवडतात. शेवटी बुस्किस्तारवरून त्रेवेलेस आणि तिथनंच ग्रानादाची बस.

वाटा सापडायला सोप्या आहेत. लांब पल्ल्याच्या वाटेवर पांढरा-लाल पट्टा, छोट्या वाटेवर पांढरा-पिवळा, दगडावर नाहीतर झाडाच्या बुंध्यावर रंगवलेला असतो आणि फुली दिसली की ती वाट आपली नाही, मागे फिरायचं. ऑफलाइन मॅप फोनमध्ये ठेवाच, दरीत रेंज जाते. इमर्जन्सीला ११२.

चालताना पाटांकडे नीट बघा. १४९२ मध्ये ग्रानादाचं मुसलमान राज्य पडलं, पुढे १५६८ च्या उठावानंतर इथल्या मुसलमान वंशाच्या लोकांना हाकलून दिलं, पण त्यांच्या काळापासूनचे पाट अजून वाहतायत. काही पाट तर शेतात जातच नाहीत, वितळलेल्या बर्फाचं पाणी मुद्दाम डोंगराच्या उतारावर सोडून जिरवतात आणि तेच पाणी हळूहळू खाली झिरपून उन्हाळ्यात गावाजवळच्या झऱ्यांना येतं. आपल्याकडे पाणलोटाचं काम करणाऱ्यांनी तर हे बघायलाच पाहिजे. आणि घरं बघताना मान वर करा, चेस्टनटच्या तुळया, त्यावर दगडी फरशा, त्यावर करड्या चिकणमातीचा थर, सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदासारखंच सपाट छप्पर. बोळावरनंही खोल्या गेलेल्या असतात, खालनं आपण चालायचं.

आता जेवण, शाकाहारी लोकांनी हे वाचाच. त्रेवेलेस हॅमसाठी प्रसिद्ध आहे, डोंगराच्या थंड हवेत टांगून वाळवतात आणि सगळीकडे ते घालतात, भाजीच्या सुपातही तुकडे निघू शकतात. नुसतं ‘बेहेतारियानो’ म्हणून भागत नाही, ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’ असं सगळं सांगा, म्हणजे मांस नको, हॅम नको, ट्यूना नको. हक्काचा पदार्थ म्हणजे पापास आ लो पोब्रे, बटाटे, कांदा, हिरवी ढोबळी ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मऊ होईपर्यंत परतलेले, वर बरेचदा अंडं असतं ते नको असेल तर ‘सिन उएवो’. मिगास म्हणजे परतलेला पावाचा चुरा किंवा रवा, लसूण घालून छान करतात पण त्यातही बरेचदा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. दुपारचं जेवण दोन ते चार आणि रात्रीचं साडेआठ-नऊच्या आधी मिळणं कठीण, मधल्या वेळात दुकानंही बंद, त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर भडंग, चिवडा, खाकरे पुण्याहूनच न्या आणि पाव-फळं सकाळीच घेऊन ठेवा.

पाण्याची बाटली मात्र एकच पुरते, प्रत्येक गावात दगडी कारंजं असतं, ‘नो पोताब्ले’ म्हणजे पिण्याचं पाणी नाही, असं लिहिलेलं नसेल तिथे भरून घ्या. फेरेइरोलाजवळचा झरा नैसर्गिकच सोड्यासारखा फसफसतो आणि पोर्तुगोस गावच्या झऱ्यात इतकं लोह आहे की आजूबाजूचे दगड तांबूस झालेत, दोन्ही चाखून बघा. लहान गावांत एटीएम असेलच असं नाही, रोख युरो ग्रानादातच काढून घ्या.